बाईचा रविवार आणि डोंगरातली सायकल

बाईच्या प्रत्येक हालचालीला कारण लागतं. ती घराबाहेर पडली, की ‘कुठे निघालीस?’ आणि ‘कधी येशील?’ हे दोन प्रश्न उंबऱ्यातच उभे असतात. दळण, दवाखाना, शाळेतली पालकसभा, हळदीकुंकू, फार तर महिला मंडळाची बैठक, ही उत्तरं चालतात. ‘सहज’ हे उत्तर चालत नाही. आणि ‘सहज, सायकल घेऊन टेकडीवर’ हे उत्तर तर ऐकणाऱ्याला चेष्टाच वाटते.

गेली आठ वर्षं मी हे उत्तर देते आहे. आम्ही सात-आठजणी रविवारी पहाटे पुण्याच्या टेकड्यांवर सायकली घेऊन जातो. एक परिचारिका आहे, दोघी शिक्षिका, एकीचं पोळीभाजी केंद्र आहे, एक बँकेतून निवृत्त झालेली, एक कॉलेजात शिकणारी आणि मी. माझं वय पंचावन्न. आमच्यातली कुणी खेळाडू नाही, वजन कमी करण्याचा पण कुणी केलेला नाही. डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या वाटेवर सायकल घालायची, चढावर धापा टाकायच्या, उतारावर ओरडायचं आणि खाली येऊन चहा प्यायचा, एवढाच कार्यक्रम. या कार्यक्रमाबद्दल या पानांवर लिहावं असं वाटलं, ते आपल्याच एका मैत्रिणीमुळे. ती म्हणाली, “अगं, रेशनचा प्रश्न आहे, पाण्याचा आहे, हिंसाचाराच्या केसेस रोज येतात, आणि तुम्ही गिअरच्या सायकली घेऊन डोंगरावर जाता? हे उच्चभ्रूंचं खूळ आपल्यात कशाला?”

प्रश्न खोटा नाही, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

सायकल आपल्या चळवळीला परकी नाही. 1990 नंतर तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेतून हजारो बायका सायकल शिकल्या, हे आपण कितीतरी शिबिरांत सांगितलंय. तिथे लेडीज सायकली पुरेनात तेव्हा बायकांनी दांडीच्या सायकली घेतल्या, आणि मग दांडीवर मूल बसवता येतं म्हणून त्याच पसंत केल्या. बिहारमध्ये 2006 साली नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना आली आणि मुली शाळेत टिकू लागल्या. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. हे सगळं चांगलंच आहे. पण या प्रत्येक सायकलीला एक कारण जोडलेलं आहे. शाळेसाठी, पाण्यासाठी, कामासाठी. शाळा संपते, लग्न होतं आणि सायकल भावाकडे जाते, कारण आता कारण उरलेलं नसतं. माझा प्रश्न तिथून पुढचा आहे. कारण संपल्यावर बाईला सायकल ठेवता येईल का?

1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. माणसाला आठवड्यात एक दिवस स्वतःचा हवा, ही मागणी तेव्हा मालकांना चैन वाटली होती. आज ती कुणाला चैन वाटत नाही. पण घरातल्या बाईला हा रविवार अजून मिळालेला नाही. उलट रविवारी तिचं काम वाढतं. सगळे घरी, सगळ्यांना वेगळं खायला हवं, शिवाय आठवड्याचे साठलेले कपडे. सरकारने 2024 साली वेळेच्या वापराची पाहणी केली, तिच्यात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला 289 मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची 88, असं दिसलं. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे रोजचे तीन तासांहून जास्त. आम्ही टेकडीवर घालवतो तेवढेच! तेव्हा ही चैन नाही, ही थकबाकी आहे.

मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 साली ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. शहरात बाईला विनाकारण रेंगाळता आलं पाहिजे, ती कामाला निघाली आहे असं दाखवायची सक्ती तिच्यावर असू नये, असं त्यांचं म्हणणं. मला ते टेकडीलाही लागू वाटतं. किंबहुना टेकडीला जास्तच, कारण तिथे दुकान नाही, देवदर्शनाचं निमित्त असलं तरी ते पाच मिनिटांचं, आणि बसस्टॉपही नाही. तिथे बाई केवळ असण्यासाठी जाते.

आणि ही सायकल जन्मली तीही अशीच, विनाकारण. अमेरिकेत कॅलिफोर्नियात माउंट टमलपाइस नावाचा डोंगर आहे. 1970 नंतरच्या काही वर्षांत तिथल्या तरुणांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जाड टायरच्या भंगारातल्या सायकली घेऊन उतारावरून सुटायला सुरुवात केली. 1976 साली त्याच परिसरात शर्यती सुरू झाल्या. एका उतारात मागच्या ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही नावं या इतिहासात मोठ्या अक्षरांत येतात. पण त्याच टोळक्यात वेंडी क्रॅग होती. ती त्या उतारावर सायकल चालवायची, आणि त्या दिवसांचे आज दिसणारे कितीतरी फोटो तिने काढलेले आहेत. फोटो काढणारी फोटोत दिसत नाही, हे आपल्याला नवीन नाही. पुढे जॅकी फेलन ही बाई 1983 पासून सलग तीन वर्षं अमेरिकेची विजेती झाली आणि तिने बायकांसाठी माउंटन बाइक आणि चहा अशी मंडळी जमवली. म्हणजे चहा आम्ही शोधलेला नाही! 1996 साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तो पुरुष आणि स्त्रिया दोघांसाठी एकदमच, आणि पहिलं महिलांचं सुवर्णपदक इटलीच्या पाओला पेझोने जिंकलं. इतर कितीतरी खेळांत बायकांना दार उघडायला अनेक दशकं थांबावं लागलं, हे लक्षात घेतलं तर ही गोष्ट लहान नाही.

आता आमच्या वाटा. पुण्यात आम्हाला सर्वांत आवडते ती वेताळ टेकडी. शहराच्या मधोमध, चतुःशृंगी, पाषाण, कोथरूड अशा अनेक बाजूंनी वर जाता येतं आणि माथ्यावर बराच सपाट भाग आहे. नवशिकीने चढ सायकल हातात धरून चढावा आणि माथ्यावरच्या सपाटीवर सराव करावा. पाचगाव पर्वती-तळजईकडच्या वाटा सावलीच्या आहेत, पण सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा वेग नको. थोडा सराव झाला, की मुळशी आणि पानशेतच्या बाजूला गावांना जोडणाऱ्या जुन्या गाडीवाटा आहेत, तिथली मजा निराळी. पावसाळ्यात आम्ही मातीच्या वाटा सोडून देतो. कातळावर शेवाळ असतं, पाय ठरत नाही तिथे टायर काय ठरणार? शिवाय ओल्या मातीत चाकाची चाकोरी पडते, तिच्यातून पाणी वाहतं आणि पुढच्या वर्षी तिथे वाट नसते, घळ असते. दसऱ्यापासून होळीपर्यंतचे दिवस उत्तम. कासच्या पठारासारख्या ठिकाणी तर रस्ता सोडून चाक न्यायचंच नाही, तिथे कातळावरच्या बोटभर मातीत सगळी फुलं जगतात. वनखात्याने जिथे मनाई केली असेल तिथे मनाई पाळायची.

पण या वाटा आल्या कुठून? सायकलवाल्यांनी त्या केलेल्या नाहीत. गुरांनी, गुराख्यांनी आणि सर्वांत जास्त करून लाकूडफाटा आणि पाणी आणणाऱ्या बायकांनी त्या पावलांनी घडवल्या आहेत. मुळशीकडे एका खिंडीत डोक्यावर मोळी घेतलेली एक मावशी समोरून आली. आम्ही उतरून बाजूला झालो. तिने आमच्या सायकली न्याहाळल्या आणि विचारलं, “काय आणाया चालला गं पोरींनो?” आम्ही म्हणालो, “काही नाही मावशी, हिंडायला.” ती हसली, म्हणाली, “मग बरं हाय बाई तुमचं.”

त्या वाक्यात टोमणा नव्हता, आणि तरी तो मला लागला. डोंगर तिचाही तोच आणि माझाही तोच. मी तिथे हलकी व्हायला जाते, ती ओझं वाहायला. माझ्या मैत्रिणीचा आक्षेप नेमका इथे खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. मावशीला रविवार नाही म्हणून मी माझा सोडून दिला, तर मावशीला तो मिळत नाही, फक्त रविवार नसलेल्या बायकांत एकीची भर पडते. तिच्या घरी गॅसचं सिलिंडर परवडणाऱ्या भावात येणं, नळाला पाणी येणं आणि तिच्या नातीला बिनकारणाची सायकल मिळणं, या एकाच मागणीपत्रातल्या मागण्या आहेत, असं मी मानते. तोवर वाटेवर पहिला हक्क ओझं असलेल्या बाईचा. तिला घंटी वाजवायची नाही, आपण उतरायचं. आमच्या गटाचा हा पहिला नियम.

सायकल कोणती घ्यावी, हे सगळ्याच विचारतात. पुरुषांच्या गप्पांत या विषयावर तासन्‌तास जातात आणि किंमत लाखात पोचते. आमचं थोडक्यात आहे. पुढे शॉकअप, मागे नाही, दोन्ही चाकांना डिस्कब्रेक आणि रुंद, खाचांचे टायर, एवढं असलं की पुष्कळ. नवी घेतली तर वीस हजारांच्या आसपास चांगली मिळते, जुनी त्याहून पुष्कळ कमी. आमची परिचारिका तिच्या मुलाला लहान झालेली सायकल चालवते आणि आमच्यात सर्वांत पुढे असते. पोळीभाजी केंद्रवालीने जुनी घेऊन चेन आणि ब्रेकच्या पट्ट्या बदलल्या. माझी 27.5 इंची चाकांची आहे. 29 इंची चाक दगडावरून सहज जातं, पण माझ्यासारख्या पाच फुटी बाईला वळवताना जड वाटतं. निवृत्त मैत्रीण अजून बिनगिअरच्या साध्या सायकलवर येते, चढ चालत चढते आणि आमच्याआधी चहाच्या टपरीवर असते, कारण ती फोटो काढायला थांबत नाही.

पैशांपेक्षा माप महत्त्वाचं. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहिलं, की दांडी आणि आपण यांत किमान दोन इंच अंतर हवं. ब्रेकची कळ बोटाला सहज पोचली पाहिजे. आपले हात लहान असतात, कळ जवळ आणायचा एक लहान स्क्रू बहुतेक सायकलींना असतो, पण दुकानदार तो आपण होऊन फिरवत नाही. मी सायकल घ्यायला गेले तेव्हा दुकानदार माझ्याशी नाही, सोबत आलेल्या माझ्या भाच्याशी बोलत होता. “मॅडमना गुलाबी दाखवू का?” मी म्हटलं, “मॅडमना चौदा इंची फ्रेम दाखवा.” मग तो माझ्याकडे वळला. मैत्रिणींनो, चार शब्द माहीत असले की माणसं वळतात!

आणि सीट. यावर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. बसताना आपलं वजन दोन हाडांवर पडायला हवं. ही हाडं बायकांत बहुधा जास्त अंतरावर असतात, म्हणून अरुंद सीट टोचते आणि नको तिथे दाब येतो. दुखणं सोसणं हा सरावाचा भाग नव्हे. रुंद सीट बदलून घ्या, तिचं टोक किंचित खाली करा, पॅडची चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. पाळीच्या दिवसांत यायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. आमच्यात कपवाल्या आहेत, पॅडवाल्या आहेत, घरी झोपणाऱ्याही आहेत. वापरलेला पॅड पिशवीत घालून परत आणायचा. सायकलने मुलीचं ‘कौमार्य’ जातं, ही भीती अजून कितीतरी घरांत कुजबुजली जाते. योनिपटलावरून काहीच सिद्ध होत नाही आणि सिद्ध करायचं कारणही नाही, हे मुलींना स्पष्ट शब्दांत सांगायची जबाबदारी आपली आहे. चाळिशीपुढच्यांनी एक ध्यानात ठेवावं. सायकलने दम वाढतो, गुडघ्यांवर ताण कमी येतो, पण हाडं बळकट व्हायला चालणं आणि वजन उचलणंही हवं.

नव्याने येणारीला आम्ही सांगतो ते असं. हेल्मेट घातल्याशिवाय चाक हलवायचं नाही. चढ दिसला, की तो सुरू होण्याआधी गिअर हलका करायचा, मध्यावर चेन ताणलेली असताना नव्हे. टायर दगडासारखा टणक नको. रस्त्यावर ठीक असलेली हवा मुरमावर घसरवते, म्हणून जाड टायरला 30 पीएसआयच्या आसपास पुरे. उतारावर सीट खाली करायची, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून सीटवरून उठायचं, कोपर आणि गुडघे सैल ठेवायचे, अंग थोडं मागे. पुढचा ब्रेक जास्त जोर धरतो, तो एका बोटाने हळूहळू दाबायचा. एकदम आवळला तर सायकल थांबते, आपण थांबत नाही. आणि डोळे! ज्या दगडाकडे बघाल त्या दगडावरच जाल. जायचंय त्या वाटेकडे बघा. भीती वाटली तर उतरून चाला, उतरणं हा पराभव नाही. आमच्या टेकड्यांवर बाभळीचे काटे पुष्कळ, म्हणून एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि लहान पंप प्रत्येकीकडे हवाच. पंक्चर आमच्याकडे प्रत्येकीने स्वतः काढायचं असतं. पहिल्यांदा पाऊण तास लागतो, बाकीच्या बसून राहतात, सल्ला देत नाहीत. वाटेवर भेटणारे पुरुष मात्र देतात, न विचारता. त्यांना आम्ही हसून नमस्कार करतो.

आता भीतीबद्दल. 2024 च्या ऑक्टोबरात पुण्याजवळ बोपदेव घाटात एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर आमच्या प्रत्येकीच्या घरी एकच वाक्य बोललं गेलं, ‘आता बास.’ अशा घटनेनंतर नेहमी कॅमेरे, कुंपण, वेळेचे निर्बंध अशी भाषा सुरू होते, आणि पुरुषाने केलेल्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून बाई घरात बसते. आम्ही दोन रविवार गेलो नाही, मग बसून बोललो. एकमेकींना ‘घाबरू नको’ म्हणालो नाही, कारण भीती खोटी नव्हती. आम्ही इतकंच ठरवलं, की तिघींपेक्षा कमी जायचं नाही, उजाडल्यावरच वर चढायचं, कुठल्या वाटेने जाणार ते घरी सांगून निघायचं, गळ्यात शिट्टी ठेवायची. सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते, की बलात्काराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. म्हणजे चार भिंती सुरक्षित आणि टेकडी धोक्याची, हे खरं नाही. टेकडी सुरक्षित होते ती तिथे बायका असल्याने. एकटी बाई दिसली तर ती अपवाद ठरते, वीस दिसल्या तर तो रोजचा देखावा होतो.

टेकडीच राहिली नाही, तर हा वादही संपेल. वेताळ टेकडीवरून रस्ता आणि खालून बोगदे काढण्याच्या योजनेविरुद्ध 2023 साली पुणेकर रस्त्यावर उतरले, त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. ज्या जागेत आपण फुकट, विनाकारण जाऊ शकतो अशी शहरात शेवटची उरलेली जागा म्हणजे टेकडी. मॉलमध्ये पैसे लागतात, देवळात भक्ती लागते. म्हणून टेकडीचा प्रश्न हा फक्त पर्यावरणवाल्यांचा नाही, आपलाही आहे.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने, प्रत्येक संघटनेने कार्यालयात दोन जुन्या सायकली ठेवाव्यात, एक लहान आणि एक मोठ्या मापाची. मुलींच्या शिबिरात कायद्याचं सत्र असतं, आरोग्याचं असतं, तसं एक सकाळ चढउताराची असू द्या. गावात टेकडी नसेल तर कालव्याची वाट असते, शेताचा बांध असतो. महापालिकेकडे टेकडीच्या पायथ्याशी बायकांसाठी स्वच्छतागृह मागा, पहाटेची बस मागा. आणि घरात एक मागणी करा, सगळ्यांत अवघड. रविवारी सकाळी सहा ते नऊ मी नाही, डबा, चहा, दूध तुमचं तुम्ही बघा. पहिल्या रविवारी दूध उतू जाईल, जाऊ द्या.

‘कशाला जाता?’ असं कुणी विचारलं तर तब्येतीचं कारण सांगू नका. ते खरं असलं तरी सांगू नका. ‘मजा येते’ एवढंच म्हणा, आणि आणखी एकीला बरोबर घेऊन चला.